कूर्चेच्या पेशींची सफाई आणि गुडघ्यांची झीज

प्रश्न : माझे वय ५८ असून दोन्ही गुडघ्यांची झीज झाल्याचे निदान झाले आहे. पेशी आपल्यातला कचरा स्वतःच खाऊन टाकतात आणि उपवासाने ही क्रिया वाढून झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत, लवचिक आवरण) भरून येते, असे एका परिचितांनी ठामपणे सांगितले. यात तथ्य किती?

उत्तर : त्यांच्या म्हणण्याचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्धाला मात्र आधार नाही.

पेशींच्या या सफाईला ख्रिश्चन द दुव यांनी १९६३ मध्ये ‘ऑटोफॅजी’, म्हणजेच स्वभक्षण, हे नाव दिले आणि यीस्टच्या पेशींमध्ये तिची जनुके शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीला ऊर्जा पुरवणारी एखादी तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) निकामी झाली की दुहेरी पडद्याची एक पिशवी तिला हळूहळू वेढा घालते, पिशवीचे तोंड मिटते, ती लयकारिकेला (लायसोसोम, म्हणजे पेशीतली पाचक पिशवी) जाऊन मिळते आणि तिथल्या विकरांमुळे (एन्झाइम) आतला ऐवज विरघळून त्यातले घटक पेशीला पुन्हा वापरता येतात.

कूर्चेत या क्रियेला विशेष मोल आहे. तिथे रक्तवाहिन्या नाहीत, पेशी अगदी तुरळक असतात आणि प्रौढपणी त्या क्वचितच विभागतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी काही दिवसांत बदलल्या जातात. कूर्चापेशी मात्र आपल्या चिमुकल्या पोकळीत, सांध्यातल्या द्रवातून झिरपणाऱ्या पोषणावर, दशकानुदशके तग धरून राहते. बदली पेशी मिळण्याची आशा नसल्यामुळे आतली सफाई हाच तिचा मोठा आधार असतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, माणसाच्या झिजलेल्या कूर्चेत या सफाईसाठी लागणारी यूएलके-१, बेक्लिन-१ आणि एलसी-३ ही प्रथिने घटलेली आढळली. सफाई मंदावली की निकामी तंतुकणिकांमधून घातक ऑक्सिजन-रेणू बाहेर पडतात, पेशी कोलॅजन, म्हणजे कूर्चेला बळकटी देणारे तंतुमय प्रथिन, तोडणारी विकरे स्रवू लागते, आणि तुटलेले तुकडे सांध्यातला दाह आणखी वाढवतात.

पण नेमके इथेच लक्ष द्यायला हवे. सफाई होते ती पेशीच्या आत. आपली झीज झालेली असते ती पेशीबाहेरच्या कोलॅजनच्या जाळ्याची, आणि ते जाळे प्रौढ वयात जवळजवळ नव्याने विणले जात नाही. त्यामुळे उरलेल्या पेशी टिकवणे आणि गेलेली कूर्चा परत आणणे या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. रॅपामायसिन या औषधाने स्वभक्षण वाढवल्यावर उंदरांमध्ये झीज मंदावलेली दिसली, हे खरोखर आशादायक आहे. तथापि ते प्रतिकारशक्ती दाबणारे, अवयवरोपणानंतर दिले जाणारे औषध असल्याने गुडघ्यांसाठी ते कोणीही परस्पर घेऊ नये. उपवासाने माणसाची कूर्चा भरून आल्याचे सिद्ध झालेले नाही.

आपले वजन जास्त असेल, तर ते कमी करण्याचा लाभ मात्र निश्चित आहे : एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. मांड्यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत, आणि दुखते म्हणून चालणे अजिबात सोडू नये, कारण कूर्चा दबते आणि सैल होते तेव्हाच पोषक द्रव तिच्यात नीट खेळतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा.