सरकारी मदत मिळते, म्हणून पोटगी नाही?

प्रश्न: मी 47 वर्षांची आहे. नागपूरला महाल भागात आईकडे राहते. आमचा विवाह बौद्ध पद्धतीने झाला होता आणि 2018 मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट झाला. तेव्हा मी शिवणकाम करत होते. एकरकमी तीन लाख रुपये घेतले आणि ‘यापुढे पोटगी मागणार नाही’ असं लिहून दिलं. 2022 मध्ये अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. मेडिकलमधून (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून) 60 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं आहे. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 2,500 रुपये येतात, पण औषधं, फिजिओथेरपी आणि मदतीला येणाऱ्या बाईवरच नऊ-दहा हजार जातात. मिस्टर राज्य सरकारच्या नोकरीत आहेत, दोन वर्षांनी निवृत्त होतील. त्यांनी दुसरं लग्न केलं, एक मुलगी आहे. ‘तुला सरकार पोसतंय, कोर्टात गेलीस तर तेही बंद करवीन’ असं म्हणतात. मला आता पोटगी मागता येईल का?

उत्तर: ताई, मागता येईल. ‘लिहून दिलंय’ या धाकाने तुम्ही गप्प बसलात, म्हणून आधी त्याचंच बोलू. जिला स्वतःचं पोट भरता येत नाही तिला कायद्याने दिलेला पोटगीचा हक्क दोघांनी आपसात लिहून संपवता येत नाही. पोटगी सोडून देण्याचा असा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे. संमतीने वेगळे झालात म्हणून पोटगी नाही, हा युक्तिवादही समोरून येईल. सर्वोच्च न्यायालयाने तो 1995 मध्येच फेटाळला आहे. घटस्फोटित स्त्री पुन्हा लग्न करेपर्यंत पोटगीच्या कायद्यापुरती ‘पत्नी’च असते.

तीन लाखांचा हिशेब मात्र कोर्ट विचारणारच. ते घरखर्चात आणि दवाखान्यात कसे गेले हे पासबुकवरून दाखवता आलं पाहिजे. बिलं असतील तेवढी गोळा करा.

अर्ज कोणता करायचा, हे तुमच्या निकालातल्या एका ओळीवर ठरेल. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी कौटुंबिक न्यायालयातून हुकूमनामा आणि तडजोडीच्या अटी यांची प्रमाणित नक्कल काढा. ते तीन लाख कोर्टाने हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली कायमस्वरूपी पोटगी म्हणून मंजूर केले असतील, तर त्याच कलमाच्या पोटकलम 2 खाली ‘परिस्थिती बदलली’ म्हणून तो आदेश बदलून मागायचा. अशा वेळी दुसऱ्या कायद्याखाली समांतर अर्ज करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलं आहे. (बौद्ध विवाहाला हा कायदा लागू नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बौद्ध, जैन, शीख यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे.) पैसे नुसतेच आपसात दिले-घेतले असतील आणि कोर्टाचा तसा आदेश नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली अर्ज करा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 ते हेच. पत्रावरून मला ही दुसरी शक्यता जास्त वाटते. इथे नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) पोटगीचा निर्णय व्हावा असं कायदा सांगतो, आणि अंतिम पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मिळते. अर्ज लांबवला तर तेवढे महिने हातचे जातात.

कुठल्याही वाटेने गेलात तरी तुमची बाजू तीच. 2018 मध्ये तुम्ही ‘नको’ म्हणालात ते मशीन चालवणाऱ्या दोन हातांच्या भरवशावर. तो भरवसा 2022 मध्ये गेला.

आता सरकारी मदतीचं. 2,500 रुपये मिळतात म्हणून नवऱ्याची जबाबदारी संपत नाही. उलट, गंभीर अपंगत्व आणि कायमचा औषधोपचाराचा खर्च पोटगी ठरवताना विचारात घ्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्याच तत्त्वांनुसार दोघांनाही मिळकत आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात हे 2,500 न चुकता लिहा. तुम्ही लपवलेलं त्यांनी दाखवलं, तर चांगली केस हातची जाईल.

खरी मेख पुढे आहे. या योजनेत दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे आणि मिळालेली पोटगी उत्पन्नातच धरली जाते. समजा, ‘थोडक्यात मिटवा’ म्हणून तुम्ही महिना 4,500 वर तडजोड केलीत. वर्षाचे 54,000 झाले, मर्यादा ओलांडली, योजनेचे 30,000 गेले. हाती उरली नुसती 24,000 ची वाढ, म्हणजे महिन्याला 2,000. त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या? मागणी प्रत्यक्ष खर्चाची करा: औषधं, थेरपी, बाईचा पगार, रिक्षा, जेवणखाण, सगळं धरून. त्यांच्या दुसऱ्या संसाराचा आणि मुलीचा खर्च कोर्ट विचारात घेईल, पण दुसरं लग्न ही तुम्हाला काहीच न देण्याची सबब होत नाही. मध्यस्थीला बसवलं तर 4,500 चं हे गणित तिथे मांडा.

मदत बंद करवण्याची धमकी मनावर घेऊ नका. पोटगी मिळत नाही तोवर तुम्ही दिव्यांग म्हणून पात्र आहात, आणि नुसत्या तक्रारीने तहसीलदार पात्र माणसाची मदत तोडू शकत नाहीत. पोटगी सुरू होऊन मर्यादा ओलांडली की मात्र तुम्ही स्वतःच कळवा, नाहीतर वसुली निघते. आणि निराधार योजनेचे पैसे घेत असताना ‘लाडकी बहीण’चा अर्ज कुणी भरून दिला असेल, तर तो मागे घ्या. दुसऱ्या योजनेतून 1,500 किंवा जास्त मिळत असतील तर ती लागू होत नाही.

निवृत्तीनंतर पैसे बुडतील ही भीतीही नको. पेन्शनला जप्तीपासून संरक्षण आहे ते सावकार, बँका अशा धनकोंपासून. पोटगी मागणारी पत्नी धनको नव्हे आणि पोटगी पेन्शनमधूनही वसूल करता येते, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने 2019 मध्ये म्हटलं आहे. तरी नोकरीत आहेत तोवर आदेश मिळवलेला बरा, कारण पगारपत्रक समोर असलं की आकड्यावर वाद कमी होतो. कलम 144 खालचा आदेश झाल्यावर हप्ता थकला, तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाका. ती मुदत बऱ्याच जणी चुकवतात.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर 15100 वर फोन करा. महिला म्हणून आणि दिव्यांग म्हणूनही तुम्हाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कौटुंबिक न्यायालयात वकील उभा करायला कोर्टाची परवानगी लागते, ती वकीलच मागतील. मुख्य अर्जाबरोबर अंतरिम पोटगीचा वेगळा अर्ज त्याच दिवशी लावायला मात्र त्यांना आठवणीने सांगा.