दोघांनी अर्धवट सोडलेलं ३½ इंच गेजचं (रुळांमधलं अंतर) 'टिच' नावाचं छोटं मॉडेल वाफेचं रेल्वे इंजिन इंग्लंडमध्ये विकत घेतलंय, सुरुवात कुठून करू?

आधी बॉयलर बघा, बाकी सगळं नंतर. तांब्याचा बॉयलर सिल्व्हर सोल्डरने (जास्त उष्णतेला वितळणारा, चांदी असलेला मजबूत सांधा) जोडलेला असायला हवा, पण जुने लोक स्टेच्या (बॉयलरचे पत्रे फुगू नयेत म्हणून आतून धरणाऱ्या दांड्या) टोकांना गळती थांबवायला मऊ सोल्डर (कमी उष्णतेला वितळणारा) लावायचे, राखाडीसर मऊ थर दिसतो तो, आणि एकदा तो बसला की तिथे सिल्व्हर सोल्डर नीट धरतच नाही. कागदपत्रं आहेत का तेही विचारा, कारण तिथले मॉडेल इंजिनांच्या क्लबचे इन्स्पेक्टर बॉयलर बनत असतानाच टप्प्याटप्प्याने तपासतात, कोणी बनवला तेच माहीत नसेल तर ते नाही म्हणू शकतात. नव्या बॉयलरची पाण्याची टेस्ट दुप्पट दाबाला होते, म्हणजे ८० पीएसआयवर (दर चौरस इंचावर पौंड) चालवायचा असेल तर १६०, आणि आत हवा अजिबात ठेवायची नाही, दाबलेली हवाच घातक असते.

मग चेसिस. मूळ ड्रॉइंग घ्या आणि प्रत्येक पार्ट मोजा, दोन हात लागलेत म्हणजे एकाने बीए (जुन्या ब्रिटिश मापाचे) आटे पाडले असतील आणि दुसऱ्याने मेट्रिक, जबरदस्तीने स्क्रू पिळू नका. दोन्ही ॲक्सलमधलं अंतर आणि कपलिंग रॉडच्या (चाकं एकमेकांना जोडणारी दांडी) भोकांमधलं अंतर तंतोतंत जुळलं पाहिजे, दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांवर हवेत, नाहीतर चाकं अडकत फिरतात. हे जमलं की कमी दाबाची कॉम्प्रेस्ड हवा बॉयलरमध्ये नाही, थेट सिलेंडरला देऊन चालवून बघा, व्हॉल्व्हचं टायमिंग (वाफ कधी आत-बाहेर सोडायची ते) लगेच कळतं.

आधीच्यांचं चांगलं काम मात्र काढून फेकू नका हो, एखाद्याने सिलेंडर मनापासून बोअर केलेला (आतून नेमका कोरलेला) असतो.