लेखन शिकायला अमेरिकेला?

प्रश्न : मी लातूरजवळच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. एम.ए. आणि सेट झालं आहे. अमेरिकेत 'रेटरिक अँड रायटिंग'मध्ये पीएच.डी. करावी असं मनात आहे. घरचे विचारतात, लिहायला शिकायला एवढ्या लांब कशाला? ज्यांची भाषाच इंग्रजी, त्या मुलांना मी काय शिकवणार, ही भीती मलाही आहे. आणि खर्च?
— एक वाचक, लातूर

उत्तर : घरच्यांना आधी सांगा, ही कथा-कविता लिहायला शिकवणारी पदवी नाही, ती वेगळी असते. इथे अभ्यास होतो तो लेखन माणसांवर कसं काम करतं याचा. सुरुवातीला ॲरिस्टॉटल, क्विंटिलियन हे प्राचीन ग्रीक-रोमन वक्तृत्वाचे आचार्य वाचावे लागतात. पुढे मात्र कुणी दवाखान्यातल्या संमतीपत्रांवर प्रबंध लिहितं, कुणी न्यायालयाच्या निकालांवर. माझी एक वर्गमैत्रीण पाणीपुरवठ्याच्या नोटिसांवर काम करत होती. नळाचं पाणी दूषित झाल्याची नोटीस घरी येते आणि तरी लोक तेच पाणी पितात, असं का होतं, हा तिचा प्रश्न होता.

खर्चाचं उत्तर या विषयाच्या रचनेतच आहे. इंजिनिअर होणार असो की नर्स, तिथल्या बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखनाचा वर्ग करावाच लागतो. हार्वर्डने १८८५ मध्ये तो सक्तीचा केला आणि पुढे ती पद्धत देशभर पसरली. एवढे वर्ग घ्यायला कायमचे प्राध्यापक पुरत नाहीत, म्हणून पीएच.डी.चे विद्यार्थी शिकवतात. त्याबदल्यात शुल्क माफ होतं आणि मानधन मिळतं. ते जेमतेम पुरतं, पण पुरतं. मानधनाशिवाय प्रवेश मिळाला तर जाऊ नका. वडिलांच्या शेतावर कर्ज काढून करावी अशी ही पदवी नाही. लग्न झालं असेल तर हेही लक्षात घ्या की तुमच्या विद्यार्थी व्हिसावर सोबत येणाऱ्या नवऱ्याला तिथे नोकरी करता येत नाही.

आता तुमची भीती. मी टेक्सासमध्ये एल पासोला शिकले आणि शिकवलं. माझ्या वर्गातली काही मुलं रोज पूल ओलांडून मेक्सिकोतल्या हुआरेझहून यायची. घरी स्पॅनिश, निबंध इंग्रजीत. बार्शीला मराठी माध्यमात दहावी झालेल्या मला त्यांचं अडखळणं लगेच कळायचं. आधी सगळं मनात आपल्या भाषेत मांडायचं आणि मग कागदावर त्याचा निम्माच भाग उतरायचा. शिकवायचं होतं ते हे : तू कुणाला सांगते आहेस, त्याने का ऐकावं, पुरावा कुठे आहे. व्याकरण त्यानंतर. विद्यार्थ्यांचा स्वतःच्या भाषेवर हक्क आहे, असा ठराव तिथल्या लेखन-शिक्षकांच्या संघटनेने १९७४ मध्येच केला. मला तो फार मोलाचा वाटतो. मात्र परदेशी विद्यार्थ्याला वर्ग देण्याआधी बहुतेक ठिकाणी बोलण्याची परीक्षा घेतात, तेव्हा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या बोलण्याच्या भागाची तयारी नीट करा.

एक गोष्ट स्वतःला विचारा. मुलांचे खर्डे वाचायला आवडतात का? पक्का निबंध नव्हे, गिचमिड पहिला खर्डा. वीस-बावीस मुलं, प्रत्येकाचे तीन-चार निबंध, प्रत्येकाशी समोरासमोर बसून बोलणं, यात कितीतरी रविवार जातात. मला त्यात आनंद होता. तो नसेल तर साहित्यातच पीएच.डी. करा.

आवडत असेल तर पर्ड्यू, कार्नेगी मेलन, बोलिंग ग्रीन या विद्यापीठांतले अभ्यासक्रम पाहा. पर्ड्यूची ऑनलाइन रायटिंग लॅब सर्वांना मोफत आहे, ती चाळलीत तरी विषयाचा अंदाज येईल. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत भरायचे असतात. शिफारसपत्र मोठ्या नावाकडून मागण्यापेक्षा तुम्हाला शिकवताना पाहिलेल्या विभागप्रमुखांकडून घ्या. लेखनाचा नमुना म्हणून एम.ए.चा जुना निबंध पाठवू नका. तुमच्या वर्गातली मुलं इंग्रजीत अर्ज कसा लिहितात, कुठे अडतात, यावर पंधरा-वीस पानं नव्याने लिहा. मुलांची नावं त्यात घालू नका. गणपतीनंतर बसलात तर दिवाळीपर्यंत पहिला खर्डा होईल.