सतराव्या वर्षी दिवस गेले तर खरंच जास्त धोका असतो का?

तुम्ही लिहिलंय की चुलत बहीण सतरा वर्षांची आहे, तिसरा महिना चालू आहे आणि घरचे म्हणतात, ‘आजीला पंधराव्या वर्षीच पहिलं झालं होतं, काही होत नाही.’ मी बीड जिल्ह्यात उपकेंद्रावर नर्स आहे. धोका असतो. आणि आजीला एकूण किती झाली, त्यातली किती जगली, हेही एकदा विचारून बघा.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती बीपीची. कोवळं वय, त्यात पहिलटकरीण. पाचव्या महिन्यानंतर बीपी 140/90 च्या वर गेलं तरी पोरीला काही जाणवत नाही. मग डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंड सुजतं आणि एखाद्या दिवशी झटके सुरू होतात. त्या वेळी घरचे कांदा हुंगवतात, बाहेरचं म्हणून देवऋषीला बोलावतात. हाच वेळ जीव घेतो. यातलं एक जरी लक्षण दिसलं, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर थेट 108 ला फोन करा.

दुसरं रक्त. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी, 7 च्या खाली म्हणजे जिवाशी खेळ. तिचं स्वतःचंच अंग अजून भरायचंय. आमच्याकडून नेलेल्या लोहाच्या गोळ्या कितीतरी घरांत तशाच डब्यात पडून असतात, कारण सासूला वाटतं, गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. उलट या वयात मूल 37 आठवड्यांच्या आत किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं होण्याचीच भीती जास्त. आता फॉलिक अ‍ॅसिड, चौथ्या महिन्यापासून लोह आणि कॅल्शियम. लोहाची गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमसोबत देऊ नका. शौच काळी होते, त्याला घाबरू नका.

पण या पोरींना खरा घात करतं ते लपवणं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आमच्या जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 43.7 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पोरगी अठराच्या आतली असेल तर दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. त्या भीतीनं घरचे तिला सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत दाखवतच नाहीत. म्हणून सांगते, पोलिसांत कळवलं तरी उपचार कुणी नाकारू शकत नाही. तिला हे मूल नको असेल तर गर्भपात कायदेशीर आहे, पालकाची संमती लागते, आणि तिसऱ्या महिन्यात तो पुढच्यापेक्षा सुरक्षित असतो. तिला काय हवंय, ते तिला एकटीला विचारा.

ठेवायचं ठरलं तर याच आठवड्यात नोंदणी करा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ती चुकवू नका. बाळंतपण मात्र सिझेरियनची आणि रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच. आणि कार्डावर वय सतराच लिहा. एकोणीस लिहिलं, तर ती जोखमीची आहे हे तपासणाऱ्याला कळणारच नाही.