नवीन लायसन्स आणि पहिलंच चलान: भरू, भांडू की सोडून देऊ?

म्हणजे लायसन्स मिळून दोन महिने झालेत, पुण्यात सिग्नलला गाडी स्टॉप लाइनच्या पुढे गेली म्हणून ५०० रुपयांचं ई-चलान आलंय, आणि आता भरायचं, कोर्टात जायचं की दुर्लक्ष करायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी फोटो बघा. महाट्रॅफिक ॲपवर किंवा महाराष्ट्राच्या ई-चलानाच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान दिसतं, सोबत बहुतेक वेळा फोटोही. मेसेजमधल्या लिंकवरून मात्र जाऊ नका. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल आली असेल तर ती उघडूच नका, ५०० वाचवायला जाल आणि बँक खातं साफ होईल.

माझं पहिलं चलान दांडेकर पुलाच्या चौकातलं. गाडी बाबांच्या नावावर, त्यामुळे मेसेज त्यांना गेला. संध्याकाळी घरी आले तर मोबाईल पुढे धरून विचारतायत, "काय गं, दुपारी तिकडे काय करत होतीस?" मी ठामपणे सांगितलं की मी लाइनच्या आतच होते. मग फोटो मोठा करून पाहिला. पुढचं चाक पूर्ण झेब्रावर, आणि मी खाली वाकून हुकला लटकवलेली कोथिंबिरीची जुडी सावरतेय. पुढे वाद घालण्यात अर्थच नव्हता.

फोटोत तुमची गाडी आणि तुमची चूक असेल तर भरून मोकळे व्हा. किरकोळ नियमभंगाला मोटार वाहन कायद्याचं कलम १७७ लागतं: पहिल्यांदा ५००, पुन्हा केलंत तर १,५००. (२०१९ च्या दुरुस्तीतले हे आकडे आपल्याकडे डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. त्याआधी २०० रुपयांत भागायचं, असं बाबा अजून ऐकवतात.) पैसे भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड, प्रकरण तिथेच मिटतं. एवढ्या एका चलानाने लायसन्स जात नाही. हेल्मेटची गोष्ट वेगळी, तिथे दंडासोबत तीन महिने लायसन्स निलंबित करायची तरतूद कायद्यातच आहे. आणि शिकाऊ लायसन्सवर एकटेच गाडी चालवताना सापडलात तर त्याला किरकोळ म्हणू नका, विनापरवाना धरलं तर ५,००० लागतात.

चूक तुमची नसेल तर मात्र "जाऊ दे, ५०० तर आहेत" म्हणून भरू नका, कारण भरलंत की मान्य केलंत. आम्हाला एकदा भलत्याच शहरातलं चलान आलं. फोटोत काळी बुलेट, आमची पांढरी ॲक्टिव्हा. नंबरातला ३ कुणीतरी ८ वाचला होता. ॲपवरच तक्रार टाकली, सोबत आरसी आणि आमच्या नंबरप्लेटचा फोटो जोडला. मध्ये दोनदा आठवण करावी लागली, पण चलान रद्द झालं. तक्रारीचा स्क्रीनशॉट तेवढा जपून ठेवा.

कोर्टाचं म्हणाल तर तो तुमचा हक्क आहे, पण स्टॉप लाइनच्या ५०० साठी रजा टाकून मी तरी गेले नसते. सोडून द्यायचा विचारही नको. थकलेली चलानं साठतात, मग लोकअदालतीची नोटीस येते, आणि गाडी विकायला काढलीत की घेणारा सगळ्यात आधी तेच तपासतो.

पुढेमागे चौकात मामांनी अडवलंच तर गाडी बाजूला घ्या, डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी दाखवा, ते कायद्याने चालतं. "साहेब, नवीन आहे हो" एकदा म्हणून बघायला हरकत नाही, मीही म्हटलंय, काही उपयोग झाला नाही. पैसे द्यायचे तर त्यांच्या मशिनवर आणि पावती घेऊनच. जवळ नसतील तर चलान 'अनपेड' ठेवायला सांगा, घरी येऊन ऑनलाइन भरता येतं.

गाडी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल तर भरायच्या आधी त्यांना स्वतःच सांगून टाका. आमच्या बाबांनी ते ५०० माझ्याकडून रोख वसूल केले. कोथिंबिरीचा फोटो अजून त्यांच्या मोबाईलमध्ये आहे, पाहुणे आले की निघतो.