रेटिनाच्या पुस्तकाचे जुने तीन खंड स्वस्तात मिळतायत, घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की मधुमेहामुळे वडिलांच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, डॉक्टरांनी इंजेक्शनं सांगितलीत, आणि वाशीत एका जुन्या पुस्तकवाल्याकडे रायन यांच्या 'रेटिना'चे (म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरच्या डॉक्टरी ग्रंथाचे) तिन्ही खंड, २००१ची आवृत्ती, पडून आहेत. घेऊ नका.

मी ठाण्यात नौपाड्याला ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारा, आहे. नेमकी हीच आवृत्ती माझ्या कपाटात आहे आणि तिने आमच्या घरात महाभारत घडवलंय. सासरे निवृत्त हेडमास्तर. त्यांनाही तीच सूज निघाली तेव्हा हातात पेन्सिल घेऊन त्यांनी ते प्रकरण वाचून काढलं आणि जाहीर केलं, "यात लेझर लिहिलंय. डोळ्यात सुई कुठेच नाही." पुस्तक खोटं बोलत नव्हतं. १९८५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हापासून या सुजेवर लेझर हाच मुख्य इलाज होता. पण लेझरने बहुतेक वेळा आहे ती नजर टिकायची, गेलेली क्वचितच परत यायची. इंजेक्शनांनी ती सुधारण्याची आशा आली. त्यातलं एक औषध, रॅनिबिझुमॅब, अमेरिकेत मंजूर झालं २००६ला, तेही म्हातारपणी मॅक्युला (पडद्याचा मधला भाग) खराब होते त्यासाठी. मधुमेहातल्या सुजेसाठी २०१२ला. २००१च्या पुस्तकाला हे कुठून कळणार? पण छापलेलं ते मास्तरांना वेदवाक्य. दोन महिने या वादात गेले.

चित्रं मात्र शिळी होत नाहीत. पडद्याचे थर, रक्तस्रावाचे ठिपके तेव्हा होते तसेच आजही दिसतात. (त्या काळचे ओसीटीचे, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनचे, फोटो सोडून द्या, फारच धूसर.)

वाचायचंच असेल तर पार्सन्स यांचं 'डिसीजेस ऑफ द आय' बघा. पहिली आवृत्ती १९०७ची, पण अलीकडच्या आवृत्त्या नेत्रतज्ज्ञ सिहोटा आणि टंडन यांनी नव्याने संपादित केल्यात. एमबीबीएसच्या मुलांचं पुस्तक, त्यामुळे पडद्याचं प्रकरण एका दुपारी वाचून होतं. फोटोंसाठी कॅन्स्की यांचं डोळ्यांच्या आजारांवरचं पुस्तक, पण ते महाग आहे, आधी कुणाकडे तरी चाळून बघा. परळला केईएमच्या आसपासच्या दुकानांत दोन्ही विचारा. घेताना आतल्या पानावर आवृत्तीचं साल बघायचं, पुनर्मुद्रणाचं नाही. तिथे भलेभले फसतात.

त्याहून कामाचं म्हणजे वडिलांच्या ओसीटीच्या प्रिंट तारखेप्रमाणे फायलीत लावा. मधल्या गोलातला आकडा ही पडद्याच्या मध्यभागाची जाडी, मायक्रॉनमध्ये. तपासणी शक्यतो दरवेळी त्याच मशीनवर करा. मशीन बदललं की आकडाही थोडा हलतो आणि उगाच जीव खालीवर होतो. सासरे आता वहीत तक्ता ठेवतात, लाल पेनाने.

आणि कळव्याच्या मेडिकल कॉलेजातल्या कुणाला चित्रांसाठी ते तीन खंड हवे असतील तर माझे फुकट न्या. उचलायला दोघं या.