‘काही असेल तर कळवू’ म्हणाले, आणि मी चौदा महिने निवांत राहिले

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप उडाली. वय 36, पॅपमध्ये (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) ‘ॲस्कस’ (पेशी किंचित वेगळ्या, पण नक्की काय ते सांगता येत नाही), एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू) हाय रिस्क पॉझिटिव्ह, डॉक्टरांनी कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख नीट बघणं) सांगितलीय. तुझे प्रश्न दोन: दिवाळीनंतर केली तर चालेल का, आणि नवऱ्याला काय विचारू? वयाने मोठी आहे, म्हणून ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. मी डॉक्टर नाही. या वाटेने जाऊन आलेली बाई आहे, एवढंच.

एचपीव्ही म्हणजे काय वगैरे तू एव्हाना रात्र रात्र जागून वाचलं असशीलच, ते सोडते. फक्त एक बघ. रिपोर्टवर नुसतं ‘हाय रिस्क पॉझिटिव्ह’ आहे की 16 आणि 18 वेगळे दाखवलेत? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी साधारण 70 टक्के या दोन प्रकारांमुळे होतात, त्यामुळे डॉक्टर त्यांच्याकडे जास्त लक्ष देतात. पण पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकींचा संसर्ग वर्ष-दोन वर्षांत शरीरच परतवतं. तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला तर पेशी बदलायला लागतात आणि तिथून कॅन्सरपर्यंत जायला सहसा 15-20 वर्षं लागतात. म्हणजे पकडायला वेळ भरपूर असतो. माझ्या बाबतीत तो वेळ मी आणि एका कचेरीने मिळून वाया घालवला.

2017 मध्ये आमच्या भागात महिलांसाठी मोफत तपासणीचं शिबिर होतं. टेबलाशी बसलेली मुलगी पटापट फॉर्म भरत होती, मी तोंडाने नंबर सांगत होते. स्मिअर (पॅपचा नमुना) घेतला आणि म्हणाली, ‘काही असेल तर आम्ही फोन करू, नाहीतर समजायचं सगळं ठीक.’ केवढं सोयीचं वाक्य! मी घरी येऊन चहा टाकला आणि विसरले.

फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक.

सात-आठ महिन्यांनी संबंधानंतर रक्ताचे डाग दिसायला लागले. दोनदा, तीनदा. मनात आलं, पॅप नॉर्मल होता की, उष्णतेने होत असेल. अंगावरून पांढरं जात होतं म्हणून जवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘पॅप केलाय का?’ मी छातीठोकपणे म्हणाले, ‘हो, नॉर्मल आहे.’ त्यांनी गोळ्या दिल्या. त्यांना दोष कसा देऊ? मी न पाहिलेला रिपोर्ट नॉर्मल असल्याचं मीच सांगितलं होतं. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक ती हीच.

रिपोर्ट सापडला तोही योगायोगाने. सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी त्याच ठिकाणी गेले होते, नंबर लागायला वेळ होता, म्हणून सहज चौकशी केली. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं. दुसरीने सांगितलं की शिबिराचा विभाग आता इथे नाही. तिसऱ्या ठिकाणच्या बाबूने ‘डुप्लिकेटसाठी अर्ज लिहा’ म्हणून सुनावलं. अहो, डुप्लिकेट कसलं, मूळ तरी कुठे दिलंय? शेवटी एका मावशींनी कपाटाच्या तळातून गठ्ठा काढला. त्याला लावलेलं रबर इतकं सुकलं होतं की हात लावताच तुटून कागदाला चिकटून राहिलं. माझ्या कागदावर ‘एचएसआयएल’ (पेशींमध्ये गंभीर बदल) लिहिलेलं होतं. कोपऱ्यात पेनने ‘फोन लागत नाही’, आणि खाली माझा नंबर, त्यातल्या 7 चा 1 झालेला. एक आडवी रेघ राहून गेली होती. पत्ता त्याच कागदावर अगदी बरोबर होता, पण पत्र टाकायचं कुणालाही सुचलं नाही. चौदा महिने! ‘मॅडम, आम्ही प्रयत्न केला होता.’ असो. आजही लिहिताना डोकं तापतं.

पुढे बायोप्सीत सीआयएन 3 निघालं, म्हणजे कॅन्सरच्या आधीची शेवटची पायरी. लीप केलं (तारेच्या कडीने तेवढा भाग काढतात, जागा बधिर करून, काम दहा-पंधरा मिनिटांचं). निभावलं. पण तपासण्या चालूच आहेत, कारण सीआयएन 3 झालेल्या बाईवर निदान 25 वर्षं लक्ष ठेवायला सांगतात.

म्हणून माझं ठाम मत, कुणाला पटो न पटो: जो रिपोर्ट तुझ्या हातात नाही, तो नॉर्मल नाही. तारीख विचारायची, त्या तारखेला स्वतः जायचं, कागद घ्यायचा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायचा. बायोप्सी झाली तर स्लाइड आणि ब्लॉक (काढलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) कुठे ठेवलेत तेही विचार. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात दुसरं मत घ्यायला गेलीस की आधी तेच मागतात. आपल्याच धाराशिव जिल्ह्यात (तेव्हाचं उस्मानाबाद) 1 लाख 31 हजारांहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास झाला, 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची एकच चाचणी मिळालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, नेहमीच्याच सोयींवर राहिलेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. पण तिथे पॉझिटिव्ह आलेल्या बायकांना बोलावून कोल्पोस्कोपी आणि उपचारही केले होते. नुसती काडी फिरवून फॉर्म गठ्ठ्यात बांधला नव्हता.

आता नवरा. या विषाणूची काहीच लक्षणं नसतात आणि तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, त्यामुळे कधी आणि कुणाकडून आला हे कोणतीही टेस्ट सांगत नाही. पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली तपासणीही नाही. त्यावरून भांडण काढू नकोस. भांडायला दुसरे विषय मिळतील.

कुणी ‘मुलं झालीत ना, पिशवीच काढून टाका’ म्हणालं, तर कोल्पोस्कोपी आणि बायोप्सीच्या आधी मान डोलावू नकोस. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना कशा काढल्या गेल्या ते 2019 मध्ये सगळ्यांनी वाचलंय. आणि सीआयएनसाठी पिशवी काढली तरी पुढच्या तपासण्या चुकत नाहीत, हे कुणी आपणहून सांगत नाही. (कधीकधी पिशवी काढावीच लागते. माझा राग सरसकट सल्ल्यावर आहे.)

तुझी मुलगी 11 वर्षांची आहे असं लिहिलंयस. तिच्या लशीचं बालरोगतज्ज्ञांना विचार. पुण्यात तयार होणारी सर्व्हाव्हॅक 2023 पासून आलीय, 9 ते 14 वयात दोन डोस देतात. माझ्या लेकीला दिली. आपल्याला आधीच झालेला संसर्ग मात्र लशीने जात नाही, उगाच त्या आशेवर राहू नकोस. तंबाखू, मिशरी काही असेल तर आजच बंद. त्याने विषाणू घालवणं शरीराला जड जातं.

दिवाळीचं म्हणशील तर ‘ॲस्कस’ ही काही धावपळ करण्याची गोष्ट नाही, दोन-चार आठवड्यांनी आभाळ कोसळत नाही. पण ‘दिवाळीनंतर’ ही तारीख नव्हे. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न येतं, मग मुलांच्या सहामाहीचे निकाल, मग कुणाचं तरी लग्न. आजच फोन करून दिवस आणि वेळ ठरव, पाळीचे दिवस टाळून. मधल्या काळात संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसलं तर तारखेची वाट न बघता जा, आणि ‘पॅपमध्ये ॲस्कस आलंय’ हे पहिल्या वाक्यात सांग.

जाताना जीन्स नको. साडी किंवा घेरदार परकर असला की टेबलावर चढता-उतरताना जीव कानकोंडा होत नाही. बायोप्सी घेतली तर नंतर काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं काहीतरी जाईल. रक्त थांबवायला लावलेल्या औषधाचं असतं ते. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी बाथरूममध्ये बसून रडले होते. पॅड सोबत ने, आणि बाहेर पडण्याआधी रिपोर्टची तारीख त्यांच्याकडून फाइलवर लिहून घे.